वडाविना वटवाघूळ

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'प्रतिमा आणि प्रतीक' शिकवताना मी दरवर्षी एक सोपा स्वाध्याय देतो. फळ्यावर दहा शब्द लिहायचे आणि प्रत्येक शब्दातून कोणता भाव सूचित होतो ते विद्यार्थ्यांनी एका शब्दात सांगायचे. कमळ, चातक, वड, घुबड, वटवाघूळ असे ते शब्द. उत्तरेही ठरलेली असतात. वड म्हणजे आश्रय, चातक म्हणजे प्रतीक्षा, वटवाघूळ म्हणजे अशुभ. काही जण 'मृत्यू' लिहितात, काही 'अंधार', तर एखादा हुशार विद्यार्थी 'विपरीत दृष्टी' असे लिहून शाबासकी मिळवतो. हा संकेतव्यूह मी बरीच वर्षे निर्वेधपणे शिकवत आलो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने वटवाघळापुढे 'दिवा' असे लिहिले. चुकून ओळ बदलली असेल असे समजून मी विचारले, तर ती म्हणाली, "नाही सर, आमच्या जुन्या गावच्या वडावर गंज वागळं होते. ते उडाले का आजी म्हणे, दिवा लावाची येळ झाली." वर्ग हसला. मीही हसलो असेन. मात्र घरी परतताना ते उत्तर मनातून जाईना. मी जिला प्रतिमा म्हणत होतो, ती तिच्या आजीच्या लेखी संध्याकाळचे घड्याळ होती. माझ्या उत्तरामागे काही पुस्तके होती, तिच्या उत्तरामागे एक झाड होते. ते झाड आता नाही. गोसीखुर्द प्रकल्पाच्या पाण्यात तिचे गाव गेले, आणि गावासोबत तो वडही गेला.

हा लेख त्या उत्तराविषयी आहे. वाङ्मयीन चर्चेसाठी असलेल्या या पानावर एका फळखाऊ वटवाघळाच्या अधिवासाचा प्रश्न का आणावा, अशी शंका काहींना येईल. माझ्या मते हा प्रश्न जितका वनखात्याचा आहे, तितकाच मराठीच्या प्राध्यापकाचाही आहे. त्याची सुरुवात एका शब्दापासून होते.

'वटवाघूळ' हा शब्द सावकाश उच्चारून पाहावा. त्यातला 'वाघूळ' वाघाशी संबंधित नाही. जुन्या मराठीतला 'वागूळ' आणि आमच्याकडे आजही बोलला जाणारा 'वागळं' हे रूप संस्कृत 'वल्गुली' या शब्दाशी नाते सांगते. वाघ त्यात मागाहून शिरला असावा. लोकव्युत्पत्तीला अपरिचित ध्वनीत परिचित प्राणी दिसतो, हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतोच. अमरकोशाने याच कुळातील जीवाला 'अजिनपत्रा' म्हटले, म्हणजे जिचे पंख चामड्याचे आहेत ती. ते नाव शरीर पाहून दिलेले आहे. मराठीने मात्र मोठ्या, फळे खाणाऱ्या वाघळाला नाव देताना शरीराकडे न पाहता त्याचे घर पाहिले. किडे खाणारी ती लहान पाकोळी, आणि वडावर राहते ते वटवाघूळ. अधिवास हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत अलीकडे आला. पण ज्या कोणा अनाम पूर्वजाने हे नाव पाडले, त्याने अधिवासाची नोंद नावातच करून ठेवली होती.

शास्त्र या नोंदीला दुजोरा देते. भारतीय वटवाघूळ हे आपल्याकडचे सर्वांत मोठे वाघूळ. पंख पसरले की चार-पाच फूट भरतात, वजन दीड किलोपर्यंत जाते. शेकड्यांनी, क्वचित हजारांनी एकत्र राहणारा हा जीव गुहेत वा पडक्या वाड्यात न राहता उंच, जुन्या, मोकळ्या झाडावर दिवसाउजेडी लटकलेला असतो. वड, पिंपळ, चिंच, अर्जुन अशी झाडे त्याला लागतात, आणि ती शक्यतो पाण्याजवळ असावी लागतात. एकदा जागा पसंत पडली की पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा टिकते. ते आंधळे असते हा आपला समजही चुकीचा आहे. पाकोळ्या प्रतिध्वनीच्या आधारे वाट काढतात. वटवाघूळ डोळ्यांनी पाहते आणि नाकाने फळ हुडकते. मादीला वर्षातून साधारणपणे एकच पिल्लू होते, तेही फेब्रुवारी ते मे या काळात, आणि पहिले काही आठवडे ती ते पोटाशी घेऊनच उडते. वर्षाला एक पिल्लू या हिशेबाने वाढणारी वसाहत एकदा उजाडली की ती पुन्हा भरायला किती काळ लागत असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

वड आणि वाघूळ यांचे नाते एकतर्फी नाही. वटवाघूळ फळ चावते, रस गिळते आणि चोथा थुंकते. वड-पिंपळ-उंबराच्या बारीक बिया मात्र पोटात जातात आणि थोड्याच वेळात बाहेर पडतात. पक्षी बहुधा बसल्या फांदीवरून विष्ठा टाकतात. वटवाघूळ उडता उडताही टाकते. त्यामुळे जिथे एकही झाड नाही अशा उघड्या माळावरसुद्धा बी पडते. देवळाच्या कळसावर किंवा विहिरीच्या कड्यात उगवलेला वड कुणी लावलेला नसतो. पक्ष्यांबरोबर त्या कामात या जीवाचाही हात, किंबहुना पंख, असतो. आमच्या भागाच्या दृष्टीने मोहाचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. मोहाचे मांसल, गोड फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. त्याच्या परागीभवनात आणि बीजप्रसारात फळखाऊ वाघळांचा वाटा असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईच्या आधी रात्रभर त्या झाडावर कुणीतरी राबून गेलेले असते.

आता कायद्याकडे वळू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात प्राण्यांची विभागणी अनुसूचींत केली होती. पाचव्या अनुसूचीत 'उपद्रवी' प्राणी होते, म्हणजे ज्यांना मारायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही असे. त्या यादीत कावळा, उंदीर आणि घुशी यांच्यासोबत 'फळखाऊ वाघळे' असा एक घाऊक उल्लेख होता. एकाही जातीचे नाव नव्हते. वडाची साल पिंपळाला लावावी तसे वर्षाला एक पिल्लू देणारा जीव वर्षाला कित्येक वेत देणाऱ्या उंदराच्या पंक्तीला बसवला गेला. ही चूक दुरुस्त व्हायला पन्नास वर्षे लागली. डिसेंबर २०२२मध्ये संसदेने मंजूर केलेली आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झालेली दुरुस्ती येईपर्यंत ती पाचवी अनुसूची कायम होती. आता ती नाही, आणि भारतीय वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत, संरक्षित प्राण्यांमध्ये आले आहे.

घाऊक नावाने काय होते, याचे आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते ग्रंथपालांना आणि संशोधकांना विशेष पटेल. १९४८ साली अँगस हटन या निसर्ग-अभ्यासकाने दक्षिण तमिळनाडूतल्या डोंगरांत एक फळखाऊ वाघूळ मिळवून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पाठवले. तिथे त्याच्यावर एका अगदी सामान्य जातीच्या नावाची चिठ्ठी लागली आणि ते कपाटात गेले. १९७२मध्ये किट्टी थोंगलोंग्या या थायलंडच्या संशोधकाने तो नमुना नव्याने पाहिला, तेव्हा ती केवळ नवी जातच नव्हे, तर नवी प्रजाती ठरली. सलीम अलींच्या सन्मानार्थ तिला 'लॅटिडेन्स सलीमअली' असे नाव मिळाले. जिवंत प्राणी पुन्हा सापडायला १९९३ उजाडले. जगातल्या दुर्मीळ फळखाऊ वाघळांपैकी एक चोवीस वर्षे मुंबईच्या एका कपाटात चुकीच्या नावाखाली पडून होते. गंमत अशी की ज्या १९७२ साली त्याला नाव मिळाले, त्याच साली कायद्याने सगळ्या फळखाऊ वाघळांना एका ओळीत उपद्रवी ठरवले. नाव दिल्यावाचून आपण पाहत नाही, आणि पाहिल्यावाचून वाचवत नाही, हे यातून मला शिकायला मिळाले.

वटवाघळाची मात्र अडचण वेगळी आहे. त्याला नाव आहे आणि आता कायद्याचे कवचही आहे. मग प्रश्न कुठे उरला? तो नावातल्या पूर्वपदात उरला आहे. वाघूळ संरक्षित झाले, वड झाला नाही.

१९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा ग्रामीण भागातल्या झाडांना लागू होतो. त्याच्या मूळ अनुसूचीत साग, खैर, चंदन, आंबा, मोह, चिंच, जांभूळ, हिरडा अशी झाडे आहेत. त्यात वड नाही, पिंपळ नाही, उंबरही नाही. ज्यांना लाकडाचे किंवा फळाचे बाजारमूल्य आहे ती झाडे यादीत आली. वडाचे लाकूड इमारतीला चालत नाही आणि त्याचे फळ माणूस विकत नाही. शहरी भागासाठीच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' हा दर्जा दिला. चांगले झाले. पण वडांचा खरा वारसा खेड्यांत, पांदणींवर आणि तळ्यांच्या पाळींवर आहे, आणि तिथवर ती तरतूद पोचत नाही.

कुही तालुक्यात या उणिवेला पाण्याचे परिमाण आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरण भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ आहे, पण त्याचे पाणी मागे सरकत आमच्या तालुक्यात आले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना कुही तालुका माहीत असतो तो अंभोऱ्यामुळे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ साली 'विवेकसिंधु' येथे रचला, असे विदर्भातले अभ्यासक मानतात. आंबेजोगाईचा दावाही आहेच, आणि तो वाद आपण परीक्षेत दहा गुणांसाठी लिहून घेतो. आज अंभोऱ्याच्या टेकडीवर उभे राहिले की नद्यांचा संगम वेगळा ओळखू येत नाही. सगळीकडे एकच विस्तीर्ण पाणी दिसते. ते दृश्य सुंदर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पर्यटक छायाचित्रे काढतात. त्या पाण्याखाली गावठाणे आहेत, आणि गावठाणांत वड होते.

भूसंपादनात झाडांचे मूल्यांकन होते, पण ते मालकाच्या झाडांचे होते. लाकूड किती आणि फळाचे उत्पन्न किती, यावरून किंमत निघते. गावठाणातला वड कुणाचाच नसतो, म्हणजे तो सगळ्यांचा असतो. त्यामुळे मोबदल्याच्या यादीत त्याची रक्कम कुणाच्याच नावावर चढत नाही. त्याच्यावरच्या रहिवाशांचा तर प्रश्नच नाही.

त्या विद्यार्थिनीच्या आजींना भेटायला मी एकदा त्यांच्या पुनर्वसित गावी गेलो होतो. उन्हाळा होता, पाणी मागे हटले होते. नातीने मला काठावर नेऊन लांब एक काळपट, निष्पर्ण खोड दाखवले. झाड उभ्यानेच मेले होते. परत आल्यावर आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "मानसाले पैसा भेटला, पलाट भेटला. त्याइले कोन इचारते, सर?" त्यांच्या बोलण्यात रडगाणे नव्हते. एखादा हिशेब चुकल्याचे सांगावे तसे त्या सांगत होत्या. नव्या गावात आखीव रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत. झाडे लावली आहेत, पण ती गुलमोहर आणि सप्तपर्णीची. वसाहत पेलण्याजोगा वड व्हायला साठ-सत्तर वर्षे तरी जातील. दरम्यान एक वसाहत शेजारच्या दुसऱ्या एका गावाच्या वडावर आली आहे. ती जुन्या गावचीच की दुसरीकडची, हे आजींना सांगता येत नाही. त्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मांसासाठी आणि सांधेदुखीवर लावायच्या चरबीसाठी अजूनही वटवाघळे मारली जातात. अशा वेळी ठिकाण जाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणे होय.

आपल्याकडे अभयारण्य नाही काय, असे कुणी विचारील. आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १८९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात कुही तालुक्याचाही भाग आहे. तिथला 'जय' नावाचा वाघ २०१६मध्ये दिसेनासा झाला, तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली. वाघाला रेषा आखून जागा देता येते, निदान तसे आपण मानतो. वटवाघळाला तशी रेषा आखून देता येत नाही, कारण ते दिवसा गावात झोपते आणि रात्री मैलोगणती लांब रानात जेवते. रानातला मोह आणि गावातला वड या दोहोंच्या मध्ये त्याचे आयुष्य ताणलेले आहे. रान राखले आणि गावचा वड तोडला, तर जेवण आहे पण घर नाही. वड राखला आणि रान गेले, तर घर आहे पण जेवण नाही. मग ते पेरूच्या बागेत येणारच.

त्यात आमचा उन्हाळा आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. असह्य उष्म्यात वटवाघूळ पंखांनी वारा घेते, अंगाला लाळ लावते, पाण्यावर झेप घेऊन पोट भिजवते. तेही पुरेनासे झाले की ते झाडावरून पडू लागते. मे २०२०मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ अशी अनेक वटवाघळे मेली, आणि त्याचे कारण उष्माघात असल्याचे तपासणीत आढळले. त्या हंगामात माद्यांच्या पोटाशी पिल्ले असतात. दाट सावलीचे झाड आणि जवळचे पाणी या दोन गोष्टी विदर्भातल्या वसाहतीसाठी म्हणूनच जीवनमरणाच्या ठरतात. झाडाच्या खालच्या फांद्या छाटून पार सुशोभित करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

दोन आक्षेपांना उत्तर देणे भाग आहे. पहिला शेतकऱ्याचा. वटवाघूळ बागेचे नुकसान करते, हे खरे आहे, आणि ज्याची बाग आहे त्याच्यासमोर आपण महाविद्यालयातल्या माणसांनी सौंदर्यदृष्टीवर व्याख्यान देऊ नये. पण मारून नुकसान थांबते काय? मॉरिशस बेटावर लिचीच्या बागा वाचवण्यासाठी २०१५ आणि २०१६मध्ये सरकारने तिथल्या वटवाघळांची हजारोंनी कत्तल केली. त्यामुळे बागांचे उत्पन्न वाढले नाही. २०१८मध्ये ती जात मात्र 'संकटग्रस्त' या वर्गात गेली. जाळी लावणे, त्यासाठी अनुदान मिळणे, फळ झाडावर अतिपक्व होऊ न देणे, हे मार्ग खर्चाचे असतील, पण ते उपयोगी पडतात.

दुसरा आक्षेप रोगाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. निपा विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान फळखाऊ वाघळे आहेत. २०१८मध्ये केरळात या विषाणूने सतरा बळी घेतले, आणि त्यानंतरही तिथे तो पुन्हा पुन्हा उद्भवला. महाराष्ट्रातही महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२०मध्ये घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाच्या खुणा सापडल्या. हे लपवून संवर्धनाची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण या माहितीवरून झाड तोडण्याचा निष्कर्ष निघत नाही, त्याच्या उलटच निघतो. ऑस्ट्रेलियातल्या हेंड्रा विषाणूविषयी २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात असे दिसले की रानातले अन्न तुटले आणि वटवाघळे शेतांजवळ आली, तेव्हा घोड्यांना लागण वाढली. उरल्यासुरल्या रानात भरपूर फुलोरा आला त्या हंगामांत ती थांबली. म्हणजे वटवाघूळ आपल्या झाडावर स्वस्थ असणे हे त्याच्या इतकेच आपल्याही हिताचे आहे. उष्टे फळ खाऊ नये, मेलेल्या वाघळाला हात लावू नये, वसाहतीखाली गुरे बांधू नयेत, झाडावर दगड वा फटाके मारू नयेत, एवढे पथ्य पुरते. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातल्या सरसई गावात लोक वटवाघळांना शुभ मानून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. शुभ-अशुभ हे वाघळाच्या अंगात नसते, गावाच्या बोलण्यात असते.

इथे मी पुन्हा माझ्या फळ्याकडे येतो. 'अशुभ' हे उत्तर माझ्या विद्यार्थ्यांना कुठून मिळाले? थोडे लोकसमजुतीतून, हे खरे. पण लोकसमजुतीत दुसरीही बाजू होती. पिंपळावर मुंजा असतो म्हणून कुणी त्याला कुऱ्हाड लावत नसे. ते भय झाडाचे राखणदार होते. आपण शिक्षणाने मुंजाला घालवले ते योग्यच केले, पण त्याच्या जागी दुसरा राखणदार नेमला नाही. उलट रक्तपिपासू वाघूळ आपण बाहेरून आणले. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ची. रक्त पिणाऱ्या वाघळांच्या तीनच जाती आहेत, आणि तिन्ही केवळ अमेरिका खंडांत राहतात. तरीही मराठी भयकथेच्या मुखपृष्ठावर आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांत तेच वाघूळ फडफडते, आणि आमच्या वडावरच्या फळखाऊ जीवाला त्याच्या नावाने शिव्या खाव्या लागतात. ऐंशीच्या दशकापासून आपण देशीवादाची चर्चा करत आहोत. परक्या प्रतिमांनी देशी अनुभव कसा झाकला जातो, याचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

मराठी साहित्याला हे नाते अपरिचित आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहून झाडांच्या बारा महिन्यांकडे पाहायला शिकवले. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळीला कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले. जून २०२५मध्ये निवर्तलेले मारुती चितमपल्ली नवेगाव-नागझिऱ्याच्या रानांत वनाधिकारी म्हणून वावरले आणि त्यांनी रानातल्या माणसांच्या तोंडचे कितीतरी शब्द मराठीला मिळवून दिले. ही परंपरा आपण 'निसर्गलेखन' या कप्प्यात ठेवतो आणि कवितेच्या तासाला मात्र जुनाच संकेतकोश काढतो. नागपूरच्या ग्रेसांच्या पहिल्या संग्रहाचे नावच 'संध्याकाळच्या कविता' आहे. ती संध्याकाळ आपण मनःस्थिती म्हणून शिकवतो, आणि ते बरोबरही आहे. पण वर्गाच्या खिडकीबाहेरही एक संध्याकाळ असते, तिच्यात कोण कुठून कुठे उडते, हे विद्यार्थ्याला विचारायला काय हरकत आहे?

म्हणून एक साधी सूचना करतो. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्याची टीका झाली. ती नोंदवही मुळात भाषेचे काम आहे. कोणत्या झाडाला गावात काय म्हणतात, कोणत्या वडावर किती वर्षांपासून वसाहत आहे, म्हाताऱ्या माणसांना तिच्याविषयी काय आठवते, हे सगळे बोलीत, नीट ऐकून लिहायचे आहे. मराठी विभागाचा विद्यार्थी हे काम वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकेच, काही बाबतींत अधिक चांगले करू शकेल. दरवर्षी आपण शेकडो प्रकल्प करून घेतो, त्यांतले बहुसंख्य एकमेकांवरून उतरवलेले असतात. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावचा एक वड लिहावा. ग्रामसभेने ठराव केला, तर वसाहतीच्या झाडाला निदान गावापुरते संरक्षण मिळेल. याच कायद्याखाली २०१४मध्ये गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या वनाला राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. एखादे गाव आपल्या वडासाठी असे का मागू शकणार नाही?

ज्येष्ठात वटपौर्णिमा येते. शहरांत त्या दिवशी वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात आणि त्यांना सूत गुंडाळले जाते. ज्या झाडावर पिल्ले नुकती उडायला शिकत असतात, त्याचीच फांदी कापली जाते. पूजेला माझा विरोध नाही. पूजा उभ्या झाडाची करावी, एवढेच म्हणणे आहे.

तो स्वाध्याय मी अजूनही देतो. पण आता वटवाघळापुढे भाव लिहायला सांगत नाही. त्याऐवजी विचारतो, तुमच्या गावात वटवाघळे कोणत्या झाडावर आहेत? गेल्या वर्षी निम्म्याहून अधिक कागद कोरे आले. काहींनी 'आजोबांना विचारून सांगतो' असे लिहिले होते. मी त्यांना पूर्ण गुण दिले.